खिशाचा हिशेब आणि बेटाचा हिशेब

दिवाळी आटोपली की मराठी मध्यमवर्गीय घरांत पुढल्या उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत सुरू होतात. एका पिढीपूर्वी हे बेत माथेरान-महाबळेश्वरपासून निघत आणि फार तर काश्मीरपर्यंत जाऊन थांबत. आता त्यांत बेटांची भर पडली आहे. अंदमान, लक्षद्वीप, मालदीव ही नावे शिक्षकांच्या खोलीत आणि बँकेच्या उपाहारगृहात सहज उच्चारली जातात. एक वही घेतली जाते. तिच्या एका रकान्यात विमानभाडे, निवासाचा दर, जेवणखाण आणि होडीचे शुल्क मांडले जाते. दुसऱ्या रकान्यात पाहण्याची ठिकाणे आणि हाती असलेले दिवस. दोन्ही रकाने जुळले की सहल ठरली, असे मानण्याची रीत आहे.

या वहीत तिसरा रकाना नसतो आणि तो नाही याची खंतही कोणास वाटत नाही. हा तिसरा रकाना म्हणजे बेटाचा स्वतःचा हिशेब. महाबळेश्वरला चार पाहुणे अधिक आले तर दूध वाईहून आणता येते, पाणी दुसऱ्या धरणातून उचलता येते आणि कचरा घाटाखाली नेता येतो. भर समुद्रातील बेटाला ही मुभा नाही. तेथील जमीन मोजकी, गोडे पाणी मोजके आणि पाहुण्याने मागे ठेवलेली प्रत्येक वस्तू तेथेच राहणारी. म्हणून बेटावरील सुट्टी हा खाजगी चैनीचा विषय वाटला, तरी वस्तुतः तो मर्यादित साधनांच्या वाटपाचा, म्हणजेच अर्थशास्त्राचा विषय आहे.

ऐंशी हजारांचे ओझे

या प्रश्नाला अलीकडे एका राजकीय घटनेने धार आणली. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लक्षद्वीपला भेट दिली आणि तेथील निळ्याशार समुद्राची छायाचित्रे देशभर पोहोचली. त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी अनुदार शेरे मारले. त्यांना निलंबित करण्यात आले. पण 'मालदीव नको, लक्षद्वीप हवे' अशी हाक भारतात तोवर उठली होती. २०२३ मध्ये मालदीवला गेलेल्या भारतीय पर्यटकांची संख्या सुमारे दोन लाख नऊ हजार होती. २०२४ मध्ये ती सुमारे एक लाख तीस हजारांवर आली. एका वर्षात ऐंशी हजारांच्या आसपास घट झाली.

हे सारे प्रवासी लक्षद्वीपकडे वळले असे मुळीच नाही. पण त्यांनी वळावे, अशी ज्यांची मनोमन इच्छा होती, त्यांनी एक साधे गणित करावयास हवे होते. २०११ च्या जनगणनेनुसार लक्षद्वीपची संपूर्ण लोकसंख्या ६४ हजार ४७३ आहे. म्हणजे मालदीवकडे पाठ फिरवलेल्या प्रवाशांची संख्या लक्षद्वीपच्या साऱ्या रहिवाशांहून अधिक होती. देशाभिमानाच्या भरात दिलेल्या हाकेला लोकांनी मनापासून ओ दिली असती, तर त्या देशाभिमानाचा भार कोणाच्या विहिरीवर पडला असता, हा विचार फारसा कोणी केला नाही.

लक्षद्वीपचे एकूण क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या एक तृतीयांशाहूनही ते कमी भरते. त्यांत वस्ती असलेली बेटे दहा. दर चौरस किलोमीटरमागे तेथे दोन हजारांहून अधिक माणसे राहतात. महाराष्ट्रात हेच प्रमाण ३६५ आहे. छायाचित्रांत निर्जन दिसणारी ही भूमी, जाहिरातीतील एकांताच्या कल्पनेच्या अगदी उलट, दाट वस्तीची आहे. किनाऱ्यावरील माडांची रांग ओलांडून चार पावले आत गेले की घराला घर लागते. त्या घरामागे विहीर असते, आणि विहिरीपासून फार दूर नाही असा शौचकूपाचा खड्डाही असतो.

विहिरीतील भांडवल

मराठी माणसाला समुद्रातील गोड्या पाण्याचे अप्रूप नवे नाही. १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर शिवछत्रपतींनी सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली. त्या किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी पाहून आजही पर्यटक थक्क होतो. चोहीकडे खारे पाणी असताना मधोमध गोडे पाणी असावे, ही निसर्गाची किमया खरीच. परंतु किमया म्हटली की तिला मर्यादा असते हे विसरले जाते, आणि अशा विहिरीवर किती माणसांनी किती दिवस जगावे हा प्रश्न मनात येत नाही.

लक्षद्वीपची बेटे खडकाची नाहीत. प्रवाळांच्या वाळूची आहेत. पावसाचे पाणी या सच्छिद्र वाळूतून झिरपते आणि खालच्या खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहते. साईसारखा हा गोड्या पाण्याचा थर म्हणजे बेटाची सारी जलसंपत्ती. भूजलशास्त्राचा नियम असा सांगतो, की समुद्रसपाटीच्या वर गोडे पाणी एक मीटर उभे असेल, तर सपाटीखाली त्याचा साठा सुमारे चाळीस मीटर असतो. हा दिलासा उलट्या बाजूने वाचला की धोका ध्यानात येतो. वरची पातळी वीतभर उतरली, तर खालून खारे पाणी चाळीस विती वर सरकण्याची सोय होते. विहिरीला विजेचा पंप लावून अधाशीपणाने उपसा केला, की पाणी आटण्याआधीच खारट होते. आटलेली विहीर पुढच्या पावसात भरते. खारावलेल्या विहिरीला पुन्हा गोडी येण्यास अधिक काळ लागतो.

यावर विज्ञानाने उपाय शोधला आहे, हेही नमूद केले पाहिजे. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्ती बेटावर समुद्राच्या पाण्यापासून दररोज एक लाख लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प उभारला. कमी दाबाखाली पृष्ठभागावरील उबदार पाण्याची वाफ करावयाची आणि खोल समुद्रातून आणलेल्या थंड पाण्याने ती निववावयाची, ही त्याची पद्धत. पुढे मिनिकॉय आणि अगत्ती येथेही असे प्रकल्प झाले आणि आणखी सहा बेटांसाठी दररोज दीड लाख लिटरांची योजना हाती घेण्यात आली. भारतीय तंत्रज्ञांची ही कामगिरी गौरवास्पद आहे. मात्र एक लाख लिटर या आकड्याने डोळे दिपू देऊ नयेत. कवरत्तीची लोकसंख्या अकरा हजारांवर आहे. भागाकार केला तर माणशी दिवसाला नऊ लिटर पाणी येते. पिण्यास आणि स्वयंपाकास ते पुरे. अंघोळ, धुणी आणि भांडी पुन्हा विहिरीवरच.

आता निवासगृहातील पाहुण्याचा विचार करावा. समुद्रात डुंबून आल्यावर गोड्या पाण्याचे स्नान, रोज बदललेल्या चादरी, स्वच्छ धुतलेले पंचे आणि बागेचे शिंपण हे सारे धरून माणशी दिवसाला तीनशे लिटर पाणी लागते असे मानले, तर जे एक लाख लिटर पाणी अकरा हजार रहिवाशांची तहान भागवते, ते ३३३ पाहुण्यांतच संपते. २०२३ च्या जानेवारीत सुहेली आणि कदमत या बेटांवर प्रत्येकी ११० खोल्यांची पर्यटनगृहे उभारण्याची घोषणा झाली. त्यांतील काही खोल्या पाण्यावर खांब रोवून बांधावयाच्या होत्या. अशी पर्यटनगृहे आपले पाणी आपण तयार करतील, असे उत्तर दिले जाते. ते मान्य केले तरी त्या यंत्रांना लागणारे इंधन मुख्य भूमीवरून जहाजानेच यावयाचे असते, याचा विसर पडू नये.

यात ऋतूचा विपर्यास आणखी वेगळा. लक्षद्वीपमध्ये जानेवारीपासून एप्रिलपर्यंत पाऊस जवळपास नसतो. म्हणजे मे महिन्याच्या तोंडाशी गोड्या पाण्याचा थर सर्वांत पातळ झालेला असतो. महाराष्ट्रातील शाळांच्या परीक्षा संपून कुटुंबे घराबाहेर पडतात ती नेमकी याच वेळी. अंदमानचा अनुभव याहून वेगळा नाही. तेथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही २०२४ पासून श्री विजयपुरम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोर्ट ब्लेअरमध्ये उन्हाळ्यात नळाला एकाआड एक दिवस किंवा त्याहूनही कमी वेळा पाणी येण्याची पाळी येत आली आहे. सेल्युलर जेलमधील सावरकरांच्या कोठडीपुढे नतमस्तक होण्यास जाणारा मराठी प्रवासी आदराने जातो यात शंका नाही. पण आदराला कोणता महिना निवडावा याचेही भान असावे. केंद्र सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना अंदमानच्या विमानप्रवासासाठी रजा-प्रवास सवलत देते. मागणी वाढविणाऱ्या या सवलतीची सांगड पाण्याच्या हंगामाशी घालणे अवघड नव्हते. तसे झालेले मात्र दिसत नाही.

मालदीवचा धडा

लक्षद्वीपने मालदीव व्हावे, असे म्हणणाऱ्यांनी मालदीवचा इतिहास पुरता वाचावा. १९६५ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशात पहिले पर्यटनगृह १९७२ मध्ये सुरू झाले. 'एका बेटावर एकच पर्यटनगृह' आणि तेही वस्ती नसलेल्या बेटावर, हे धोरण त्यांनी दीर्घकाळ पाळले. पाहुणे आणि रहिवासी यांची पाण्यासाठी गाठच पडू नये, अशी ती व्यवस्था होती. तिच्यामागील दूरदृष्टी नाकारता येणार नाही. सुमारे अर्ध्या शतकात कोळ्यांचे हे राष्ट्र दक्षिण आशियातील सर्वाधिक दरडोई उत्पन्नाचे राष्ट्र झाले.

या यशाची किंमतही मोजावी लागली. अन्नधान्य, इंधन आणि बांधकामाचे साहित्य बहुतांशी बाहेरून येते. २०२२ च्या जनगणनेत तेथे राहणाऱ्या सुमारे सव्वापाच लाख लोकांपैकी पाव हिस्सा परदेशी होता. पर्यटनगृहांतील आणि बांधकामांवरील श्रम मोठ्या प्रमाणावर त्यांचेच. पर्यटकाने दिलेल्या रुपयाचा मोठा भाग अशा रीतीने आल्या पावली परत जातो. राजधानी मालेजवळच्या थिलाफुशी या बेटाचा १९९२ पासून कचरा टाकण्यासाठी वापर झाला आणि लगूनमध्ये कचऱ्याच्या भरावावर जमीन वाढत गेली. ४ डिसेंबर २०१४ रोजी मालेतील खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणाऱ्या केंद्रास आग लागली आणि संपूर्ण राजधानीचे नळ कोरडे पडले. तेव्हा भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पोहोचविले. एका आगीने शहर तहानले, यातच यंत्राच्या पाण्यावर विसंबण्याचा धोका स्पष्ट होतो. २०२० मध्ये साथीमुळे मार्चअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत सीमा बंद ठेवाव्या लागल्या आणि त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटले. एका पिकावर विसंबलेल्या शेतकऱ्याची जी गत होते, तीच या राष्ट्राची झाली.

आणखी एक भेद लक्षात घ्यावयास हवा. मालदीवमध्ये सुमारे बाराशे बेटे आहेत आणि त्यांतील दोनशेहूनही कमी बेटांवर लोकवस्ती आहे. पाहुण्यांसाठी स्वतंत्र बेटे राखणे त्यांना परवडले. लक्षद्वीपची बेटे सारी मिळून तीन डझन; त्यांतील ओसाड बेटे इवलीशी. बंगारामच्या परिसरातील परळी नावाचे एक बेट तर धूप होऊन नाहीसे झाले आहे. ज्याच्याकडे हजार एकर आहेत त्याची पीकपद्धती दोन एकरवाल्याने जशीच्या तशी उचलू नये, हे कोणताही शेतकरी सांगेल.

मुद्दल आणि व्याज

लक्षद्वीपच्या रहिवाशांनी नारळ, काथ्या आणि मासळी यांवरच पिढ्यान्‌पिढ्या गुजराण करावी आणि मुख्य भूमीवरील सुखवस्तू लोकांनी त्यांच्या निसर्गाचे गोडवे गावेत, असा याचा अर्थ नव्हे. खोबऱ्याचा भाव बाजारावर अवलंबून असतो. शिकलेल्या तरुणांना काम हवे आहे. पर्यटनाने ते मिळणार असेल तर त्यास विरोध करणे हा अन्यायच होईल. प्रश्न पर्यटन हवे की नको हा नसून ते कोणत्या मुद्दलावर उभे राहणार, हा आहे.

बेटाचे मुद्दल म्हणजे प्रवाळ. लाटांचा मारा तोच झेलतो, त्याच्या झिजेतून किनाऱ्यावरची पांढरी वाळू तयार होते आणि त्याच्या कुशीतील उथळ, संथ पाण्यात, म्हणजे लगूनमध्ये, लहान मासळी वाढते. मिनिकॉयचे कोळी गळ आणि काठीने कुपा मासळी पकडतात. त्यासाठी लागणारे जिवंत आमिष याच लगूनमधून येते. म्हणजे किनारा, घर आणि रोजगार ही तिन्ही एकाच मुद्दलाची व्याजे आहेत. समुद्राच्या वाढत्या तापमानामुळे १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी येथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर विरंजित झाले. २०२३-२४ मध्ये पुन्हा उष्णतेचा तडाखा बसला. आजारी माणसावर जड ओझे लादू नये, हा व्यवहार आहे. अशा लगूनमध्ये खांब रोवून खोल्या बांधणे किंवा सांडपाणी सोडणे म्हणजे व्याज वाढविण्यासाठी मुद्दल मोडणे होय.

लक्षद्वीपच्या प्रशासनानेच पूर्वी एक शहाणी वाट दाखवून दिली होती. 'समुद्रम्' नावाच्या सहलीत कोचीहून जहाज निघते. ते कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय येथे जाते. प्रवासी दिवसा बेटावर उतरतात आणि रात्री जहाजावर झोपावयास परततात. बेटावर खोली नाही, चादर नाही, रात्रीचा दिवा नाही. पाहुण्यांची संख्या जहाजातील जागांनी आपोआप ठरते. या योजनेत ऐषआराम नाही. पण बेटाच्या मर्यादेचा मान राखणारी अर्थबुद्धी तिच्यात निश्चित आहे.

भाव की रांग?

मागणी अधिक आणि पुरवठा मर्यादित असला म्हणजे वाटपाचे दोनच मार्ग उरतात : भाव किंवा रांग. मालदीवने भावाचा मार्ग धरला. २०१५ पासून पर्यटनगृहातील प्रत्येक पाहुण्यावर दिवसाला सहा डॉलर हरित कर लावण्यात आला आणि जानेवारी २०२५ पासून तो बारा डॉलर झाला. लक्षद्वीपमध्ये १९६७ च्या नियमांन्वये प्रवेशाचा परवाना लागतो. भारतीय नागरिकासही तो चुकत नाही. हा परवाना म्हणजे प्रशासनाची कटकट, असा सूर वारंवार ऐकू येतो. वस्तुतः मध्यमवर्गाने या परवान्याचे स्वागत करावयास हवे. भावाने वाटप झाले तर बेटे केवळ धनिकांची होतील आणि खोलीचे भाडे देऊ न शकणारा शिक्षक किंवा कारकून जाहिरात पाहूनच समाधान मानील. रांगेत मात्र तोही उभा राहू शकतो. रेशनच्या रांगेची मध्यमवर्गाला आठवण नकोशी असली, तरी दुर्मिळ वस्तू गरिबाच्या ताटात पोहोचविण्याचे काम त्या रांगेनेच केले होते.

अट एकच. परवान्यांची संख्या मंत्रालयातील इच्छेने अथवा हॉटेलवाल्यांच्या सोयीने ठरता कामा नये. प्रत्येक बेटाच्या कोरड्या महिन्यांतील पाण्याचा ताळेबंद दरवर्षी जाहीर व्हावा, रहिवाशांचा वाटा आधी बाजूला काढावा आणि उरलेल्यावर पाहुण्यांची संख्या ठरावी. येथील रहिवासी बहुसंख्येने अनुसूचित जमातींचे आहेत आणि जमीन हा त्यांचा अखेरचा आधार आहे. २०२१ मध्ये विकास प्राधिकरणाच्या मसुद्यावरून बेटांवर जो असंतोष उसळला, त्याच्या मुळाशी जमीन हातची जाण्याचे भय होते. पाण्याचा ताळेबंद ठरविताना ग्रामस्थांना बसावयास जागा दिली, तर हे भय बरेच कमी होईल.

राहता राहिला कुटुंबाच्या वहीतील तिसरा रकाना. तो भरणे कठीण नाही. मे महिन्याऐवजी दिवाळीच्या सुट्टीत, पावसाने विहिरी भरलेल्या असताना जावे. शाळेचे चार दिवस बुडाले तरी मुले भूगोल शिकूनच येतील. शक्य असेल तेथे बेटवासीयांच्याच घरी अथवा होडीत पैसा द्यावा. रोजच्या स्वच्छ चादरीचा आग्रह सोडावा. बंगारामचा अपवाद वगळता मद्यास बंदी आहे, तो निर्बंध यजमानाच्या घरची रीत म्हणून पाळावा. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नये. उलट बरोबर नेलेला प्लॅस्टिकचा कचरा त्याच पिशवीतून घरी आणावा.

कोकणातल्या घरी उन्हाळ्यात पाहुणा आला, तर यजमानीण त्याला पाणी भरून देते. विहिरीला तळ दिसू लागला आहे हे ती सांगत नाही. ते पाहुण्याने पाहावयाचे असते आणि अंघोळीचे पाणी बेताने वापरावयाचे असते. बेटावरील सुट्टीचा बेत आखताना एवढा पाहुणाचार ज्याला पाळता येईल, त्याच्या वहीतील पहिले दोन रकाने खुशाल जुळावेत.